अडुळशाचा रस निघतच नाही, नेमका काढायचा कसा?

शेवंतीचं_फूल

नमस्कार मंडळी, घरामागे कुंपणाला अडुळसा आहे, चांगला डोक्यावर गेलाय, पण आजवर आम्ही त्याची फक्त छाटणीच करत आलो. यावेळी घरात खोकल्याने ठाणच मांडलंय, सासऱ्यांना तीन आठवडे होऊन गेले आणि मुलीला (वय ८) चार दिवस, तर म्हटलं दारात औषध उभं असताना आपण बाटल्या का आणतोय. पंचवीसेक पानं तोडली, स्वच्छ धुतली, मिक्सरला लावली आणि हिरवागार गोळा झाला नुसता. फडक्यात घालून पिळलं, मनगटं दुखायला लागली तरी अर्धा चमचा रस नाही. मग पाणी घालून परत फिरवलं तर फेसाळ हिरवं पाणी आलं, ते गाळून गरम केलं, गरम गरमच मध घातला आणि अर्धी वाटी सासऱ्यांना दिलं. त्यांना लगेच मळमळायला लागलं आणि सगळं उलटून पडलं. फार वाईट वाटलं मला, आधीच खोकून खोकून दमलेला माणूस.

आमच्या आजेसासूबाई सगळ्या गल्लीला हा रस द्यायच्या असं सगळे सांगतात, पण त्या कसा काढायच्या हे कुणीच विचारून ठेवलेलं नाही. सासूबाईंना एवढंच आठवतं की त्या पानं "भाजायच्या" आणि चुलीपाशी मातीचा एक गोळा असायचा. आता पानं भाजली तर करपणार नाहीत का, आणि मातीचा गोळा कशाला, काही कळत नाही.

कुणी नीट सांगाल का, रस कसा काढायचा, किती द्यायचा, मुलीला चालेल का, आणि रसापेक्षा काढा बरा का.

रानवाटा

ताई, तुमचं काही चुकलं नाही, अडुळशाचं पानच तसं आहे. तुळस, आलं, गुळवेल यांना ठेचलं की पाणी सुटतं, अडुळसा कच्चा कितीही वाटा तो लगदाच राहतो. पान जाडसर, चिवट, त्यात मोकळं पाणी कमी आणि वाटल्यावर बुळबुळीत होतं ते रस धरून ठेवतं. त्याला आधी वाफ किंवा आच दाखवावी लागते, मग पान मऊ पडून रस सोडतं. तुमच्या आजेसासूबाईंचा मातीचा गोळा म्हणजे पुटपाक, मातीच्या लेपात पानं भाजून रस काढायची अगदी शास्त्रातली पद्धत, शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पुटपाकाचं वर्णन आहे आणि अडुळसा हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. आमच्याकडे आई अजून वर्षातून एकदोनदा करते म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

पानं फार कोवळी नकोत आणि खालची राठ झालेलीही नकोत, शेंड्यापासून तिसऱ्या-चौथ्या जोडीची घ्यायची. सकाळी तोडून धुवून फडक्यावर पसरायची, वरचं पाणी पूर्ण सुकलं पाहिजे. मग पाट्यावर जाडसर ठेचायची, गंध करायचं नाही. त्याचा मुठीएवढा गोळा करून वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळायचा (आई केळीच्या पानात गुंडाळते, तेही चालतं), सुतळीने आवळून बांधायचा आणि वरून मळलेल्या मातीचा बोटभर जाड लेप द्यायचा, कुठेही भेग राहता कामा नये. लेप जरा ओढला की गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवायचा. जाळात नाही, निखाऱ्यात. माती सुकते, पांढुरकी होते आणि मग हळूहळू तांबूस दिसायला लागते, तेव्हा चिमट्याने बाहेर काढायचा. आईचा अंदाज फक्त त्या रंगावर असतो, घड्याळ कधीच बघत नाही.

फोडायचं ते हाताला सोसेल इतका कोमट असताना. वरची माती टरफलासारखी निघते, आतली वडाची पानं काळीकुळकुळीत झालेली असतात पण त्यांच्या आतला अडुळसा जळलेला नसतो, शेवाळी रंगाचा, ओलाकच्च, आणि उग्र कडवट वास सुटतो त्याला, उकडलेल्या पानांचा आणि भाजक्या मातीचा मिळून. तो गोळा पातळ धुतलेल्या फडक्यात घालून नुसता पीळ दिला की गडद रस धारेने पडतो. ज्याला कच्च्यात अर्धा चमचा निघत नव्हता त्याच पानांतून तीन-चार चमचे सहज येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला खरंच नवल वाटतं.

आता फ्लॅटमध्ये गोवऱ्या कुठून आणणार, तर सोपा मार्ग आहे. मोदकपात्रात किंवा इडलीच्या भांड्यात चाळणीवर पानं अख्खीच ठेवायची, झाकण लावून दहा-बारा मिनिटं वाफवायची. हिरवा रंग जाऊन पान मेंदीसारखं गडद झालं, देठापाशी वाकवलं तर कट्ट न मोडता लवचिक झालं की झालं. गरम असतानाच खलबत्त्यात ठेचून पिळायची, थंड झाली की परत रस धरून बसतात. मिक्सर नको, फेस होतो आणि पाणी घालायचा मोह होतो. पाणी थेंबभर सुद्धा घालायचं नाही.

रस ताजाच घ्यायचा, सकाळचा सकाळी, संध्याकाळचा संध्याकाळी.

काढा_आणि_चूर्ण

मी वैद्य आहे, प्रॅक्टिस करते. रानवाटा यांनी रस काढायची पद्धत अगदी बरोबर लिहिली आहे, त्यात मला काही घालायचं नाही. देण्याबद्दल लिहिते.

ताई आधी मात्रा. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियामध्ये अडुळशाच्या ताज्या रसाची मात्रा १० ते २० मिली दिलेली आहे, म्हणजे दोन ते चार चहाचे चमचे, आणि ती मोठ्या माणसासाठी. तुम्ही अर्धी वाटी दिलीत, ती पाणी मिसळलेली असली तरी जास्तच झाली, अडुळसा जास्त झाला की उलटी होते. वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांचं पहिल्यांदा हेच होतं, "घरचं आहे, जास्त दिलं तर काय बिघडतंय" असं वाटतं. बिघडतं. आणि मध गरम पदार्थात घालायचा नाही, रस कोमट सुद्धा राहिला नाही की मग मध ढवळायचा. एक चमचा रसाला पाव ते अर्धा चमचा मध पुरतो.

मुलीला चालेल, पण एक चमचा रस मधातून, सकाळ संध्याकाळ, तीन-चार दिवस. तेवढ्यात फरक दिसला नाही, ताप आला, श्वास भराभर चालायला लागला किंवा छातीत घुरघुर ऐकू आली तर घरचे प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांकडे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, हे इथे वाचणाऱ्या बाकीच्या आयांसाठी लिहून ठेवते. आणि गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, पोटातून तर नाहीच. त्यातल्या वासिसिन या घटकाने गर्भाशय आकुंचन पावतो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अडुळसा हे "खोकल्याचं औषध" नाही, ते एका प्रकारच्या खोकल्याचं औषध आहे. चवीला कडू-तुरट, वीर्याने म्हणजे शरीरावरच्या परिणामाने थंड, कफ आणि पित्त कमी करणारा. कफ दाटून बसलाय, पिवळा चिकट पडतोय, खोकताना छातीत जळजळतंय, तिथे त्याच्यासारखं दुसरं नाही. पण कोरडा ठसका, रात्री आडवं पडलं की उबळ, कफाचा पत्ता नाही, खोकून खोकून बरगड्या दुखतायत, असा वाताचा खोकला असेल तर नुसत्या अडुळशाने घसा अजून कोरडा पडतो आणि माणूस म्हणतो औषध लागू पडलं नाही. अशा वेळी ज्येष्ठमध, तूप, मनुका, खडीसाखर अशा स्निग्ध गोष्टींचा आधार लागतो.

काढा की रस असं विचारलंत. रस जास्त तीव्र, काढा सौम्य आणि रोजच्या घरात करायला सोपा. अडुळसा, काळ्या मनुका आणि हिरडा असा तिघांचा जुना काढा आहे, तो मी स्वतः खूप वापरते कारण मनुका कोरडेपणा सांभाळते आणि हिरड्याने पोट साफ राहतं. अडुळशाची सुकवलेली पानं दोन चमचे, दहा मनुका, हिरड्याचं भरड चूर्ण पाव चमचा, चार कप पाणी, मंद आचेवर झाकण न ठेवता एक कप उरेपर्यंत आटवायचं. गाळून दिवसातून दोनदा मिळून प्यायचं, गोडीला थोडी खडीसाखर. कफ फारच चिकट असेल तर मनुकांच्या जागी रिंगणी आणि सुंठ घालून बघा, पण ते कुणीतरी नाडी बघून ठरवलेलं बरं.

पानं सुकवायची ती सावलीत. उन्हात सुकवली की काळी पडतात.

सासऱ्यांबद्दल एकच प्रश्न, त्यांचा खोकला कसा आहे, ओला की कोरडा? तीन आठवडे हा आकडा मला आवडलेला नाही.

औषधदुकान

मी फार्मासिस्ट आहे, आयुर्वेदाचा माझा अभ्यास नाही, पण या धाग्यात एक गोष्ट लिहावीशी वाटली. दुकानात कफ पातळ करणारी जी सिरपं लोक नेतात त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रोक्सॉल लिहिलेलं असतं. हे ब्रोमहेक्सिन तयार झालं ते अडुळशातल्या वासिसिन या घटकाचा रेणू डोळ्यासमोर ठेवून, आणि ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्यातून जे बनतं ते अँब्रोक्सॉल. म्हणजे लोक कुंपणाकडे पाठ करून दुकानात येतात आणि त्याच झाडाच्या नात्यातलं औषध घेऊन जातात. मला हे फार भारी वाटतं, कॉलेजात शिकलो तेव्हा पहिल्यांदा आजीच्या काढ्याबद्दल मनापासून आदर वाटला होता.

पण याच कारणाने एक सांगतो, डॉक्टरांनी असं सिरप दिलेलं असेल आणि वर घरचा अडुळसा पण चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. लोक सांगत नाहीत, त्यांना वाटतं पाला आहे, त्यात काय सांगायचं. जे झाड काम करतं ते औषधच असतं ना.

आणि वैद्य ताईंनी विचारलं त्यात माझा पण एक प्रश्न जोडतो. सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे का? गेल्या दोन-चार महिन्यांत नवीन सुरू झाली किंवा बदलली आहे का? गोळीच्या नावाच्या शेवटी "प्रिल" असेल, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल वगैरे, तर त्या गटाच्या गोळ्यांनी काही लोकांना कोरडा खोकला लागतो, घशात खाजल्यासारखा, आणि तो कुठल्याच खोकल्याच्या औषधाने जात नाही. मात्र गोळी स्वतःहून बंद करायची नाही हां, बीपी वाढलं तर ते खोकल्यापेक्षा वाईट. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि विचारायचं, दुसऱ्या गटाची गोळी देता येते.

कुंपणावरची

मला वेगळीच शंका आहे, आमच्याकडे ज्याला अडुळसा म्हणतात त्याची पानं अरुंद, लांबट आणि देठ जांभळट काळे आहेत, उंची कमरेएवढी. नेटवर बघते तर पानं रुंद दिसतात. हाच का तो? मी दोन दिवस काढा घेतलाय याचा, आता भीती वाटतेय.

रानवाटा

@कुंपणावरची, घाबरू नका पण तो थांबवा. वर्णनावरून तुमच्याकडे काळा अडुळसा दिसतोय. कुळ एकच, कोरांटीचं, पण झाड वेगळं, आणि त्याचे उपयोग वेगळे, तो जास्त करून सांधेदुखीत, सुजेवर बाहेरून लावायला वापरतात. खोकल्याचा अडुळसा तो नाही.

खऱ्या अडुळशाची ओळख सांगतो. पानं समोरासमोर जोडीने, विताएवढी लांब, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती, वरून गर्द हिरवी. पान चुरगाळलं की एक विशिष्ट जडसर वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. पेरं जरा सुजल्यासारखी. आणि खात्रीची खूण म्हणजे फूल, पांढरं, दोन ओठांचं, जबडा उघडल्यासारखं, खालच्या ओठावर जांभळट गुलाबी रेघा. संस्कृतात त्याला सिंहास्य म्हणतात ते या फुलावरूनच, वासा आणि वृष ही पण त्याचीच नावं. लहानपणी आम्ही ती फुलं देठाकडून चोखायचो, टोकाला थेंबभर मध असतो. फुलांची भाजी पण होते, उकळून पाणी पिळून टाकायचं म्हणजे कडूपणा जातो, मग कांद्यावर परतायची.

अजून एक खूण, शेळी त्याला तोंड लावत नाही. म्हणून तर शेताच्या बांधावर, कुंपणाला लावतात. फळं अढीत घालताना पण त्याची पानं खाली-वर घालायची पद्धत आहे, कीड आणि बुरशी लागत नाही म्हणतात.

फूल आल्याशिवाय खात्री होत नसेल तर फूल येईपर्यंत थांबा. रानातल्या औषधात घाई नको.

मोदकपात्र

वरची वाफवायची युक्ती वाचून मी कालच केलं, आणि इतकं छान जमलं म्हणून मुद्दाम लिहितेय. तीस पानांतून चार चमचे भरून रस निघाला, मी तर पाव वाटी पानांचा चोथा परत एकदा वाफवून पिळला तर अजून एक चमचा आला.

माझ्या आईकडे अडुळशाचा अवलेह म्हणजे चाटण करायची रीत आहे, थंडी पडायला लागली की एक बरणी व्हायचीच. पोथीत वासावलेह म्हणून आहे तोच. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं, रस आठ भाग, खडीसाखर चार भाग, पिंपळीचं वस्त्रगाळ चूर्ण एक भाग, गाईचं तूप एक भाग आणि मध चार भाग. म्हणजे २०० मिली रस घेतला तर १०० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम पिंपळी, २५ ग्रॅम तूप, १०० ग्रॅम मध. २०० मिलीला पानं मात्र खूप लागतात, मोठी पाटीभर तोडावी लागतात, म्हणून चौघी जमून करायच्या.

रस आणि साखर कल्हईच्या नाहीतर स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायची, सतत ढवळत राहायचं. आधी वर हिरवट फेस येतो तो काढून टाकायचा. हळूहळू रंग काळपट तपकिरी होत जातो, चमच्यावरून धार न पडता थेंब जड होऊन लोंबायला लागतो, बोटांत धरून ताणला तर एक तार येते, तेव्हा पिंपळी आणि तूप घालून दोन मिनिटं परतल्यासारखं ढवळायचं आणि उतरवायचं. आणि आता धीर धरायचा. पूर्ण गार झाल्यावरच मध. आई पातेल्याच्या बुडाला तळहात लावून बघायची, जराही ऊब लागली तरी मधाची बाटली उघडू द्यायची नाही. अर्धा तास आम्ही नुसत्या बसून राहायचो, तो अवलेह गार होण्याची वाट बघत.

अर्धा चमचा चाटायचा, वर पाणी लगेच प्यायचं नाही. चव कडू, मग गोड, मग पिंपळीचा तिखटपणा घशात उतरतो आणि छाती मोकळी झाल्यासारखी वाटते.

काढा_आणि_चूर्ण

@मोदकपात्र, फार सुंदर लिहिलंत, प्रमाण बरोबर आहे. एवढंच की पिंपळी यात भरपूर आहे, पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी जपून, मुलांना पाव चमचा पुरे. मधुमेह असेल तर हा अवलेह नको, साखर आणि मध मिळून निम्म्याच्या वर आहेत त्यात.

आणि अजून एक, अडुळशाबद्दल एक जुनं वचन सगळीकडे फिरत असतं, की अडुळसा हाताशी आहे आणि जगायची आशा आहे तोवर रक्तपित्त (अंगातून रक्त पडण्याचा विकार), क्षय आणि खोकल्याच्या रोग्याने खचून का जावं. वचन मलाही प्रिय आहे, पण त्याच्या आधारावर कुणी थुंकीतून रक्त पडत असताना घरी रस पीत बसू नये. ते वचन लिहिलं गेलं तेव्हा क्षयावर दुसरं काही नव्हतं. आज टीबीची औषधं आहेत, साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट मिळतात आणि माणूस पूर्ण बरा होतो. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, वजन उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, थुंकीत रक्त दिसलं, यातलं काहीही असेल तर आधी थुंकी तपासायची आणि छातीचा एक्स-रे. माझ्याकडे असा पेशंट आला तर मी पण आधी तिकडेच पाठवते. उपचार चालू झाल्यावर जोडीला काय द्यायचं ते नंतर बघता येतं.

दम्यासाठी अडुळशाची वाळकी पानं विडीसारखी ओढायची पद्धत पूर्वी होती, अजून कुणी कुणी सांगतं. कृपा करून करू नका, धूर तो धूरच, आधीच आवळलेल्या नळ्यांना तो सोसत नाही.

शेवंतीचं_फूल

सगळ्यांचे मनापासून आभार, आठ दिवसांनी लिहितेय कारण मधे बरीच धावपळ झाली.

आधी मुलीचं. वाफवून रस काढला, जमला, एक चमचा रस आणि पाव चमचा मध असं दोन वेळा दिलं. पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, मग मीच तिला पानं तोडायला बरोबर नेलं, वाफवताना रंग बदलतो तो दाखवला, खलबत्ता तिच्या हातात दिला, तर दुसऱ्या दिवशी "माझा रस" म्हणून स्वतःहून प्यायली. तिसऱ्या दिवसापासून कफ सुटायला लागला, पाचव्या दिवशी खोकला जवळजवळ गेला. साधी सर्दी-खोकला आपोआपही जातो हे मला माहीत आहे, पण रात्रीची झोप दुसऱ्या दिवसापासूनच लागायला लागली हे नक्की.

आता सासऱ्यांचं. वैद्य ताई आणि औषधदुकान दादा, तुम्ही दोघांनी विचारलं म्हणून मी नीट बसून त्यांना विचारलं. खोकला पूर्ण कोरडा, कफ नाहीच, घशात सतत काहीतरी टोचल्यासारखं, रात्री जास्त. आणि गोळ्यांचा डबा काढून बघितला तर बीपीची गोळी दीड महिन्यापूर्वी बदललेली, नाव बघितलं तर रामिप्रिल. माझ्या हातापायातलं बळच गेलं, म्हणजे आम्ही इतके दिवस गोळी एका हाताने देत होतो आणि खोकल्याची औषधं दुसऱ्या हाताने. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी थुंकी आणि एक्स-रे दोन्ही करायला लावलं, दोन्ही स्वच्छ आलं, आणि गोळी बदलून दिली. म्हणाले खोकला जायला काही आठवडे लागू शकतात. आज सहावा दिवस, अजून आहे पण रात्रीची उबळ कमी झालीय. अडुळसा त्यांना बंद केला, नुसतं ज्येष्ठमधाची कांडी चघळायला देते, घशाला बरं वाटतं म्हणतात.

ज्येष्ठमध किती दिवस चालेल ते पण सांगा ताई.

काढा_आणि_चूर्ण

किती बरं वाटलं वाचून. गोळीचा प्रश्न दादांनी विचारला नसता तर आपण सगळे काढेच सुचवत बसलो असतो.

ज्येष्ठमध मात्र थोडेच दिवस, आणि अगदी लहान तुकडा. जास्त दिवस घेतलं तर ज्येष्ठमधाने बीपी वाढतं, अंगावर सूज येते, आणि त्यांना बीपी आहेच. खरं तर मी म्हणेन आता बंदच करा, त्याऐवजी खडीसाखरेचा खडा किंवा काळी मनुका तोंडात धरू दे, कोमट पाण्याच्या गुळण्या करू दे. मी वर कोरड्या खोकल्याला ज्येष्ठमध लिहिलं तेव्हाच बीपीबद्दल लिहायला हवं होतं, राहून गेलं, बाकी वाचणाऱ्यांनी पण लक्षात घ्या.

शेवंतीचं_फूल

बंद केलं आजच. सासूबाईंना रानवाटांचं वर्णन वाचून दाखवलं, मातीचा लेप, वडाची पानं, निखारे. त्या एकदम म्हणाल्या, हो, वडाचीच पानं, आणि वरून गवताच्या दोरीने बांधायच्या, आम्ही पोरी त्या फुटलेल्या मातीची खापरं खेळायला घ्यायचो. पन्नास वर्षांत त्यांना हे आठवलं नव्हतं. पुढच्या वेळी गावी गेलो की एकदा गोवऱ्यांवर करून बघायचं ठरवलंय, त्या सांगतील आणि मी करीन.

कुंपणावरची

रानवाटा दादा, धन्यवाद, काढा थांबवला, काही त्रास झाला नाही. आता खरा अडुळसा लावायचाय, नर्सरीतून आणायचा की फांदीने येतो?

रानवाटा

फांदीने सहज येतो. पावसाळा सुरू झाला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, वर्षभराची पक्व फांदी घ्या, तीन-चार डोळे पाहिजेत, खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली तिरका. पानं काढून टाका, वरची दोन अर्धी कापून ठेवा. दोन डोळे मातीत, दोन वर. उलटी लागणार नाही एवढं बघा. पाणी साचलं की कुजते, बाकी काही मागत नाही. पहिलं वर्ष पानं तोडू नका, झाडाला अंग धरू द्या, आणि फूल आलं की खालच्या ओठावरच्या रेघा बघून घ्या.